पागोळी कुणाच्या वावरात

१८ जून, बुधवार
गोठ्यात पुन्हा पाणी. घोट्याएवढं. चंद्री म्हैस एका दगडावर चारी पाय गोळा करून उभी. माझ्याकडे अशी बघत होती, की तीस वर्षांच्या कंडक्टरकीत सुट्टे न मिळालेल्या माणसानेही तसं बघितलं नव्हतं.

चूक माझीच. नवा पत्र्याचा गोठा बांधताना वरवे गावचा फॅब्रिकेटर म्हणाला होता, "काका, पत्र्याचा उतार मागं देऊ, पाणी आपसूक जाईल." मागे उताराला दादाचं भातखाचर. वडिलांची शिकवण अशी की आपली पागोळी दुसऱ्याच्या हद्दीत पडता कामा नये, सख्खा भाऊ असला तरी. म्हणून हट्टाने उतार पुढे घ्यायला लावला, दाराकडे. आणि दारासमोर डोंगराची चढण. म्हणजे पत्र्याचं पाणी पुढून, डोंगराचं पाणी पुढून, दोघं हातात हात घालून आत. सौ. तेव्हाच म्हणाली होती, "दारात वढा आणताय." आज खराटा तेवढा हातात दिला.

दादा आजही आला नाही. रिटायर झाल्यापासून सकाळचा चहा आम्ही दोघं माझ्या ओट्यावर घ्यायचो. पत्रे चढले त्या दिवशी त्याने एकदा छपराकडे बघितलं, एकदा डोंगराकडे, आणि गेला. तेव्हापासून बंद. का, ते कळत नाही. चैन पडत नाही, हे मात्र खरं.

२० जून, शुक्रवार
दोन दिवस टिकाव. दारापुढे आडवा चर खणला, हातभर रुंद, थेट रस्त्यापर्यंत. पाठ बोलायला लागलीय. पण दुपारची सर आली तेव्हा डोंगराचं पाणी शहाण्यासारखं चरात उतरून चालतं झालं. सौ.ला बोलावून दाखवलं.
"आन रस्त्याचं?"
रस्त्याचं मी बघितलंच नव्हतं. संध्याकाळची भोर गाडी आमच्याच चिखलात रुतली. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. काच सरकवून म्हणतो, "काय कंडक्टर, रिटायर झाल्यावर बी गाडी थांबवायची खोड जाईना व्हय?" सगळ्यांबरोबर मीही ढकलली. प्रवासी खूश होते. अंधार पडायच्या आत चराचं तोंड वळवून रस्त्याच्या मोरीतून ओढ्यात सोडलं.

२४ जून, मंगळवार
पत्र्याच्या कडेला पन्हळ लावली. पन्हळीला पाइप, पाइपाखाली पिंप. पिंप एका सरीत भरलं. मग दुसरं. तिसरं मागून आणलं.
सौ. : "आता ह्या पाण्याचं करायचं काय? गोधड्या धुवू? वाळवायच्या कुठं, तुमच्या डोक्यावर?"
पिंपांचं वर आलेलं पाणीही चरात सोडलं. आत मुरूम टाकून जमिनीला बाहेरच्या बाजूने ढाळ दिला. चंद्री आठ दिवसांत पहिल्यांदा खाली बसली, रवंथ सुरू. मीही वळचणीचं पाणी आढ्याला नेल्याच्या थाटात ओट्यावर बसलो. दादा खालच्या बांधावर उभा दिसला. हात केला. त्याने पाठ फिरवली.

मनाला लागलं. ज्याच्या वावरात थेंब पडू नये म्हणून एवढा खटाटोप, तो असा.

२९ जून, रविवार
आर्द्रा नक्षत्राने पाठ फिरवलीय. पाच दिवस नुसता वारा. सगळे चिखलणीसाठी खोळंबलेत. माझं खाचर ओढ्याकाठी, ते भरलेलं. दादाचं कोरडं.

दुपारी वहिनी आल्या. दादाची मंडळी. आल्या त्या थेट गोठ्यापाशी, बसा म्हणायच्या आत सुरू.
"भावजी, पाणी तोडलंत आमचं, आन वर हात करताय?"
"म्या? वयनी, तुमच्या वावरात पागोळी पडू ने म्हणून तर एवढं केलं."
त्यांनी पन्हळ बघितली, चर बघितला, तीन पिंपं बघितली. मग पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या.
"अवो, पागोळीचं ते घराच्या भितीला. भित भिजती म्हणून. भाताला पाणी नगं व्हय? डोंगराचं पाणी ह्याच जाग्यावरनं आमच्या खाचरात उतरायचं, मामंजी हुते तवापास्नं. आता वर उघडीप, आन खाली जो पाझर यायचा तो तुमी वढ्याला लावला. भाताचा तरवा पिवळा पडाया लागलाय. लावणी कशात करायची?"
"मग दादा बोलला का न्हाई?"
"तुमी इचारलं हुतं का त्येस्नी?"

नव्हतं विचारलं. जागा माझ्या वाटणीची, पत्रे माझे, म्हणून कुणाला काय विचारायचं. तीस वर्षं मी गावात मुक्कामापुरता. कोणतं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे दादाला पाठ, मला पाठ फक्त थांबे. तो काय समजला असेल? की मी छप्पर मुद्दाम उलटं फिरवून त्याचं पाणी पळवलं. आणि वर ओट्यावरून हात करतोय. 

३० जून, सोमवार
सकाळीच गेलो. दादा अंगणात फावड्याचा दांडा ठोकत होता. वाटेत चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही वेळेवर आलं नाही.
"दादा, पाणी कुठनं न्यावं?"
"तू शिकल्याला. म्या काय सांगनार?"
ठोकाठोक चालूच. मी उभा. मग मान वर न करता, "पाइप किती फुटी हाय?"
"वीस."
"पुरायचा न्हाई," म्हणाला आणि उठला. त्याला राहवलं नाही. पाण्याचा विषय आणि दादा गप्प, हे होतच नाही.

गोठ्याला एक फेरी मारली. "जलमभर गाडीत मागं उभा ऱ्हायलास, आन उतार तेवढा पुढं दिलास." मी हसलो. तो नाही. पण बोलला तरी.

जेवणाच्या वेळेपर्यंत माझा दोन दिवसांचा चर बुजला होता, ओढ्याकडचा शेवट तेवढा ठेवला. नवा त्याने गोठ्याच्या बगलेने काढला, जेमतेम वीतभर, पण असा की पाणी धावत नाही, चालतं. वळणावर चपटे दगड. पन्हळीचा पाइप लांबवून त्यातच सोडला. वरच्या अंगाला दगडाची फळी बसवली. उचलली की पाणी खाचरात, लावली की ओढ्याकडे. दिवस मावळताना डोंगराचा पाझर करंगळीएवढा खाचरात उतरायला लागला, आणि दादा त्याच्याकडे नातवाकडे बघावं तसा बघत राहिला. चहाला थांबला नाही. लावणी झाल्यावर, म्हणाला.

७ जुलै, सोमवार
पुनर्वसू लागलं, तरणा पाऊस. काल-आज दोन दिवस दादाची लावणी. सौ. आणि मी, दोघंही चिखलात. मी लावलेल्या ओळी बघून वहिनी म्हणाल्या, "ही ओळ भोरवरनं घाटात वळली जणू." बायका हसल्या, दादाही. कंबर मोडली आहे, लिहिताना बसवत नाही. आज फार बरं वाटतंय.

लावणी संपायची वाट न बघता दादा आता रोज सकाळी येतो. आधी फळी बघतो, मग चंद्री, मग मी. त्या क्रमाने. चहा पिऊन जातो.

१४ जुलै, सोमवार
तीन दिवस धो धो. पहाटे सौ.ने उठवलं. गोठ्याच्या उंबऱ्याला पाणी टेकलेलं. फळी खाचराकडे उघडी होती. लावायला हात गेला आणि थांबलो. आधी विचारू. सौ. म्हणाली, "म्हस पवायला लागल्यावर इचारा."

गेलो. दादा बांधावर, पोत्याची खोळ पांघरून. खाचर काठोकाठ, नुकती धरलेली रोपं शेंड्यापर्यंत बुडालेली. आम्ही फळी लावली तर पाणी परत आलं. ओढाच तुडुंब, मोरी उलटं पाणी फेकत होती. म्हणजे खाली सोडलं तर दादाचा भात कुजणार, वर अडवलं तर चंद्री पाण्यात. दोघंही भिजत उभे. त्याने डोंगराकडे बघितलं, गोठ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तूच सांग, कुठनं न्यायचं?"

जन्मात पहिल्यांदा दादाने मला सल्ला विचारला.  तूर्त चंद्रीला त्याच्या पडवीत नेऊन बांधलंय आणि आम्ही दोघं टिकाव घेऊन निघतोय. मी म्हटलं, गोठ्याच्या डावीकडनं बघू. तो म्हणाला, बघू.