कपावरचं पिवळं फूल

मंगळवार, संध्याकाळ

नातीनं चिनीमातीचे नवे कप आणले. विचारते, "आजी, यावर कोणतं फूल हाय?" पिवळं, गच्च पाकळ्यांचं. जन्मभर तेच पिकवलं, दसऱ्याला टेम्पो भरभरून विकलं. आणि नावच येईना. म्हटलं, "काढणारा आंधळा व्हता. असलं फूल जगात नाय." पोर हसली. फूल मात्र अगदी बरोबर काढलेलं, पाकळीची दुमड सुद्धा.

मळ्यात जाऊन त्याच फुलांपुढं उभी राहिले. तिथंही नाव आलं नाही. हे काय होतंय मला? कुणाला कळलं तर बाजारात बसणं बंद करतील.

सुनेला सहज विचारल्यासारखं केलं, "उद्या काय तोडायचंय गं?"

"नेहमीचंच की, आई."

"ते ठाऊक हाय मला," म्हटलं.