शर्टांखालचं पाकीट

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद,

तुला घर सोडून दोन महिने झाले. पत्ता ठाऊक नाही, तरी लिहायला बसले.

तुझ्या पँटच्या खिशात रक्ताचा रिपोर्ट सापडला, तो घेऊन मी, नशा करणाऱ्यांना मदत करतात त्या केंद्रावर गेले. सिस्टर म्हणाल्या, "काकू, हेपटायटिस सी आहे, रक्तातून पसरणारी यकृताची लागण. तीन महिने गोळ्या घेतल्या की बहुतेक जण बरे होतात. नशा सुटली नसेल तरी देतो. पण आम्ही कोऱ्या सुया दिल्या होत्या, मग त्यानं दुसऱ्याची का वापरली?"



गेल्या वर्षी तुझ्या शर्टांखालचं ते सुयांचं पाकीट मीच कचऱ्यात टाकलं. सुई नसली की नशाही सुटेल, असं वाटलं. तू म्हणालास, "आई, सुतळीचा तुकडा टाकत नाहीस तू, आणि नेमकं हेच टाकलंस?" मला तो टोमणा वाटला.

सिस्टरांना सांगायचा धीर झाला नाही. देवाला रोज सांगते.

नवं पाकीट मागून आणलं आणि तिथंच, शर्टांखाली ठेवलं आहे. गोळ्या केंद्रावर मिळतील. तू फक्त ये. तुझं कपाट मी उघडणार नाही.

तुझी,
आई