बोरटेकची नोंद

मुलींचे वसतिगृह, विद्यापीठ
ता. १२ एप्रिल १९८७

ती. सिंधुआत्यास,
विशाखाचा सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी आज उत्तराला बसले. तू मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असशील ते मला माहीत आहे, तेव्हा त्या पुन्हा लिहून पाठवू नकोस.

इथे सध्या लग्नघर झालंय. आमच्या लोकप्रशासन विभागाला पंचवीस वर्षं होतायत. पारगावकर सरांनी भूगर्भशास्त्राच्या इमारतीत उसन्या खोल्या घेऊन विभाग चालू केला, तेव्हा विद्यार्थी जास्त आणि खुर्च्या कमी होत्या, असं ते दर वर्षी नव्या मुलांना सांगतात. आता विभागाची स्वतःची इमारत आहे, आमचे दोन विद्यार्थी उपजिल्हाधिकारी झालेत, तहसीलदार तर पुष्कळ. ग्रामसेवकांसाठी संध्याकाळचे वर्गही चालतात. पण सर म्हणतात, या सगळ्यापेक्षा मोठं काम म्हणजे यंदाचा बीड जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांचा अहवाल. कोणती संस्था जिवंत आणि कोणती नुसती पाटीपुरती, हे गावोगाव जाऊन आजवर कुणी बघितलंच नव्हतं. आणि आत्या, त्यातला दूधसंस्थांचा भाग तुझ्या भाचीने केलाय. फेब्रुवारी-मार्चात एसटीने, बैलगाडीने, पायी, मिळेल तशी भटकले. काळीठिक्कर पडलेय. अहवाल छापून व्हायच्या आतच सरकारने मागून नेला आणि बंद संस्थांची नोंदणी काढायला सुरुवातही केली.

समारंभ १७ मेला आहे. मंत्री येणार आहेत आणि या अहवालाच्या कामासाठी मला पदक मिळणार आहे. दादांना रजा नाही. शाळेची सगळी वर्षं मी तुझ्या घरात काढली, तेव्हा पहिल्या रांगेतली खुर्ची तुझीच. ते हिरवं लुगडं नेसून ये.

मामांना जयभीम. उशीर केला म्हणून माया कमी करू नकोस.
तुझी
विशाखा

मु. बोरटेक, पो. वडवणी, जि. बीड
ता. २० एप्रिल १९८७

चि. विशाखास,
आत्याचा आशीर्वाद आन जयभीम.

पत्र पोचलं. पदकाचं वाचून तुझ्या मामांनी सगळ्या वस्तीवर पत्र फिरवून आणलं. आता त्यावर तेलाचे एवढे डाग पडलेत की मला परत वाचायचं म्हणलं तर वाचता येत न्हाई. मी येणार व्हते बग. पर आता काय जमत न्हाई.

आपली दूधसंस्था सरकार मोडायला निघालंय. बीडहून नोटीस आली. संस्था बंद पडलीया, मग नोंदणी रद्द कावून करू नये, ते पाच मेला येऊन सांगा म्हणं. बंद कधी पडली बाई? पाणी आटलं तवा आमी सगळ्या गावाची जनावरं कारखान्याच्या माळावरल्या छावणीत नेली. गावातल्या दुधाच्या खोलीला कुलूप लावलं, खरं हाय. पर रोज पहाटं आमी बाया पाळीपाळीनं ट्रकातनं तिकडं जातो, धारा काढतो, तिथंच दूध घालतो. छावणीतलं सगळ्या गावांचं दूध संघाला छावणीच्या एकाच नावानं जातं, त्यामुळं आपल्या संस्थेचं नाव कुठं लागलंच न्हाई. ही माझीच चूक. अध्यक्ष मी, आदी बीडला जाऊन इचारायला पाह्यजे व्हतं. ते सुचलं न्हाई मला. बाया तोंडावर काय बोलत न्हाईत, पर टँकरपाशी मी घागर घेऊन गेले की गप होत्यात. त्येच लई लागतं.

तुला ठावं हाय, संस्था नव्हती तवा खाजगी दूधवाला आपल्या वस्तीवर थांबत नव्हता. आपल्या घरचं दूध म्हणलं की त्याची गिऱ्हाइकं तुटायची. संस्था झाली तवा उमाबाईनं, वाण्याच्या घरची असून, सगळ्या गावादेखत आपल्या हातानं माझं दूध तिच्या दुधात ओतलं. तवापास्नं कुणी इटाळाचं नाव काढलं न्हाई. आता त्योच दूधवाला परत गावात चकरा मारायलाय.

नोटिशीत लिव्हलंय की इद्यापीठाच्या पाहणीत संस्था बंद दिसली. कोण मुडदा आलता कुणास ठाऊक. आमी तर कुणाला बघितलं न्हाई. हात झडले त्याचे. तू आली असतीस तर घरी आल्याबिगर गेली नसतीस, तवा तुझ्याच इद्यापीठातला दुसरा कुणी असंल, शोधून काढ अन् माझ्याकडं धाडून दे.

येळंवर जेवत जा. जीव लावतीस तसाच लावत ऱ्हा.
तुझी
सिंधुआत्या

मुलींचे वसतिगृह, विद्यापीठ
ता. २६ एप्रिल १९८७

ती. सिंधुआत्यास,
विशाखाचा सविनय जयभीम.

तो मुडदा मीच आहे.

बाकी सगळ्या गावांना मी गेले, एक सोडलं नाही. बोरटेकला तेवढी आले नाही. वडवणीच्या स्टँडवर उतरलेही होते. पण मनात आलं, आपलंच तर गाव, तिथे काय बघायचं? आणि आले असते तर तू दोन दिवस सोडलं नसतंस, पुढची गावं राहिली असती. तुझं जानेवारीतलं पत्र डोक्यात होतं. गोठा ओस पडलाय, दुधाच्या खोलीला कुलूप लागलंय, तिकडे बघवत नाही, असं तू लिहिलं होतंस. मी स्टँडच्या बाकावर बसून बोरटेकपुढे 'बंद' असं लिहिलं आणि पुढची गाडी धरली. परक्या गावांत मी दारं वाजवत हिंडले आणि जिथे वाढले तिथे डोकावलेसुद्धा नाही. म्हणून सांगते, तुझी काही चूक नाही. टँकरपाशी तू मान खाली घालू नकोस. माझं नाव सांग सगळ्यांना.

काल सरांना जाऊन सांगितलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि अशी आणखी किती गावं आहेत म्हणून विचारलं. मी म्हटलं, हे एकच. बाकी जिथे 'बंद' लिहिलंय तिथे मी स्वतः जाऊन डोळ्यांनी कुलूप बघितलंय. मग त्यांनी तिथल्या तिथे बीडच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, की बोरटेकची नोंद चुकीची आहे, संस्था छावणीत चालू आहे. त्यावर विद्यापीठाचा शिक्का घेतला. एक प्रत सोबत पाठवते, ती पाच तारखेला घेऊन जा. छापलेल्या अहवालात दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची ठरलंय. चिठ्ठ्या मीच चिकटवतेय.

पदक घेऊ नकोस असं सर म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. विचारलं नाही याची लाज वाटते, पण अजून धीर होत नाही.

लोभ ठेव म्हणायला आज मला तोंड नाही. तरी जमलं तर ठेव.
तुझी
विशाखा

मु. बोरटेक
ता. ७ मे १९८७

चि. विशाखास,
आत्याचा आशीर्वाद आन जयभीम.

तुझं पत्र आल्यावर घरात कुणाला तुझं नाव काढू दिलं न्हाई मी. लई राग आलता. शिव्या दिल्या त्या माघारी घेत न्हाई, हात तेवढे शाबूत ऱ्हाऊ दे. पर मग माझाच मला राग आला. कुलपाचं रडगाणं मीच तुला लिव्हलं ना. पहाटं ट्रकात बसून आमी बाया हसतो, उमाबाई गाणी म्हणती, हे कशाला लिव्हलं न्हाई? तुला माझी कीव यावी अन् तू भेटायला यावंस, म्हणून निसतं रडायचं तेवढं लिव्हलं. तू बी ते खरं मानलंस.

पाच तारखेला मी अन् उमाबाई बीडला गेलतो. सायबानं इद्यापीठाचं पत्र वाचलं, शिक्का बघितला आन तुमची संस्था चालू म्हणून लगीच लिव्हून दिलं. बसा म्हणला, चहा सांगितला. उमाबाईच्या डोळ्याला पाणी आलं. गावात मी सगळ्यांना सांगितलं, चूक माझ्या भाचीची व्हती अन् निस्तरली बी तिनंच. आता टँकरपाशी बाया बोलायला लागल्यात. दूधवाल्याला उमाबाईनंच येशीतनं माघारी धाडलं.

पर पोरी, मला घास गोड लागंना झालाय. केशरबाई तुला ठावी न्हाई. पल्याडच्या वाडीतल्या संस्थेची ती अध्यक्ष. छावणीत तिची म्हैस माझ्या गाईशेजारीच बांधलेली असती, ट्रकात आमी मांडीला मांडी लावून बसतो, माझ्या कॅनाशेजारी तिचं कॅन असतं. तिची संस्था आपल्यासारखीच चालू हाय. तिच्या वाडीत तू गेलतीस, कुलूप बघितलंस, बघितलं तसं लिव्हलंस. तिला बी पाच तारखेलाच बोलावलं व्हतं, पर तिच्याकडं कुणाचं पत्र नव्हतं. सायबानं तिला उभ्याउभ्याच वाटंला लावलं, संस्था मोडली. आमचा चहा तवा चालूच व्हता. भाईर व्हरांड्यात तसल्या लई बाया बसल्या व्हत्या. त्यातल्या किती जणी छावणीत दूध घालत्यात, ते मी तोंडं बघून सांगू शकते.

माघारी येताना एसटीत केशरबाई माझ्याशेजारीच बसली. रडली न्हाई, भांडली न्हाई. उतरायच्या वक्ताला तिनं एवढंच इचारलं, की सिंधुबाई, तुमच्या भाचीचं आमच्या वाडीत कुणीच सोयरंधायरं न्हाई का?

ह्यो जवाब तुझा हाय. सतरा तारखेच्या आदी तू ये अन् तिला दे.

तुझ्यावरली माया हाय तशीच हाय,
सिंधुआत्या