रोज सकाळी पुसला जाणारा धडा

पप्पा, आईला तुमच्या जागेवर घेतलं. तुमच्याच शाळेत, तुमच्याच टेबलावर, ज्या खुर्चीच्या पाठीला तुम्ही टॉवेल टाकून ठेवायचात त्याच खुर्चीत. नोकरीत असताना माणूस गेला की घरातल्या एकाला अनुकंपाखाली घेतात, त्या यादीत तिचं नाव इतकी वर्षं पडून होतं की आम्ही ते विसरूनही गेलो होतो. वयाची अट संपत आली तेव्हा कुठं बोलावणं आलं. पण क्लार्क म्हणून टिकायचं तर दोन वर्षांत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हावी लागते, मिनिटाला तीस शब्द. नाही झालं तर घरी. मुख्याध्यापकांनी तिला पहिल्याच दिवशी हे ऐकवलं, आणि वर म्हणाले, "ताई, साहेबांचा हात कीबोर्डवर कसा पळायचा माहितीये ना?" तिला नाही माहीत. तिला बघू कधी दिलंत तुम्ही? हे पत्र तुम्हाला आवडणार नाही. आवडू नये म्हणूनच लिहितेय.

ती आठवड्यातून तीन दिवस शाळा सुटल्यावर पाथर्डीला टायपिंगच्या क्लासला जाते आणि शेवटच्या एसटीनं तिसगावला परत येते. क्लासवाल्यांनी घरी सराव करायला एक साइट दिलीय. मोबाईलवर ती चालत नाही, बोटांचा सराव व्हायचा तर कीबोर्ड लागतो. आईचा पगार अजून सुरू नाही, मान्यता कुठंतरी अडकलीय, आणि मी नगरला, नागापूरच्या एका वर्कशॉपात बिलं टाईप करते, लिहायचं असेल ते मोबाईलवर लिहिते. नवा कॉम्प्युटर घ्यायचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, "घरात येक हाय की. पोत्यात घालून ठिवायला घेतलाय का?" म्हणजे तुमचा. म्हणजे तो, ज्याच्या खोलीत चपला काढून, हात धुवून जायचं. ज्याला आईनं ब्लाऊजपीसच्या उरलेल्या कापडाचं कव्हर शिवलं, आणि जो पुसायचा अधिकार तिला होता, पण बंद असताना, कोरड्या फडक्यानं.

एकदा पुसताना तिच्या हातून बटण दाबलं गेलं आणि स्क्रीन उजळली, आठवतंय? आत्या आली होती. चहा चालला होता. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि बसल्या जागेवरून ओरडलात, "ए, गॅसचं बटण वाटलं का तुला? जेवढं झेपतं तेवढंच करावं माणसानं." आत्या हसली. आई पण हसली, ते मला जास्त लागलं. अजूनही मला ते हसणं दिसतं. ती फडकं दोन्ही हातांनी पिळतेय, कोरडंच फडकं, आणि हसतेय.

तर रविवारी मी नगरहून आले. करंजीचा घाट उतरेपर्यंत मनात सगळी तयारी केली होती, तासाभराचं काम आहे म्हणून. कॉम्प्युटर चालू झाला, पण त्यावरचा ब्राउझर तुमच्या काळातला. साइट उघडली तर अर्धं पान पांढरं आणि बाकीच्या अक्षरांच्या जागी चौकोन. नवा ब्राउझर उतरवला तर तो म्हणे, या मशीनची सिस्टीम जुनी आहे, आम्ही इथे बसणार नाही. मग शोधून शोधून असल्या जुन्या मशीनवर चालेल असं त्याचंच मागचं व्हर्जन काढलं. ते अर्ध्यात अडकलं. परत केलं, परत अडकलं. आई भाकरी थापता थापता स्वयंपाकघरातून विचारते, "बसला का गं?" जसा काही पाहुणा आलाय. शेवटी माझं लक्ष कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं. कॉम्प्युटर दहा-बारा वर्षं मागं होता. आतला बटणासारखा सेल संपला की घड्याळ मागं जातं, आणि तारीख चुकली की इंटरनेटवरच्या साइट त्या मशीनवर विश्वास ठेवत नाहीत. घड्याळ दुरुस्तीवाल्याकडून सेल आणला, तारीख नीट केली, आणि ब्राउझर बसला. साइट उघडली. आई हात धुवून आली, खरंच साबणानं, आणि तुमच्या खुर्चीच्या काठावर बसली.

"नीट बस की," मी म्हणाले.

"बसलीय की नीट."

पहिला धडा होता कर, हर, सर. कर कर कर कर. आई म्हणाली, "लग्न झाल्यापून हेच ऐकत आले बाई, आता लिव्हायला बी लावत्यात." आम्ही दोघी खूप हसलो. तुमच्या खोलीत एवढ्या मोठ्यानं कुणी हसल्याचं मला आठवत नाही. धडा पूर्ण झाला, साइटनं हिरवी खूण दिली, मी शेवटची गाडी पकडून परत गेले.

सोमवारी सकाळी फोन. "गेलं गं."

"काय गेलं?"

"ते गोल चिन्ह. धडा बी गेला. सगळं मागल्यावानी झालं. माजंच कायतरी दाबलं गेलं आसंल."

मी म्हणाले असं होत नाही, येते रविवारी. पण तो आठवडाभर तिनं कॉम्प्युटरला हात लावला नाही. टेबलाच्या काचेवर बोटं ठेवून सराव करत होती. पुढच्या रविवारी मी परत ब्राउझर बसवला, ती परत कर-हर-सर करत बसली, आणि मंगळवारी परत फोन. या वेळी ती फोनवर हळू बोलत होती. "मला वाटतं हे आपल्याला न्हाई जमायचं. तुझे पप्पा म्हनायचेच. दुसऱ्या कुनाला घ्या म्हनून सांगते मी सरांना." नोकरी सोडायला निघाली होती, पप्पा. एवढी वर्षं थांबून मिळालेली. आणि हे सगळं कशामुळं, तर सकाळी उठून बघावं तर आपण केलेलं काही नसतं, आणि चूक आपलीच असणार हे आधीच ठरलेलं असतं.

त्याच फोनवर मला माझी गोष्ट आठवली. नववीत होते. तुम्ही शाळेच्या कामासाठी नगरला गेला होतात आणि मी दुपारभर बसून तुमच्या कॉम्प्युटरवर एक गोष्ट लिहिली होती, आयुष्यातली पहिली. एका शेळीची, जिला बाजारात कुणी घेत नाही. साठवली होती. मला पक्कं आठवतं, दोनदा साठवली होती. दुसऱ्या दिवशी ती नव्हती. मी रडले, आणि तेव्हा तुम्हाला कळलं की मी मशीनला हात लावला. मार बसला नाही. त्यापेक्षा वाईट झालं. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "साठवता येत नाही तर लिहू नये." आणि संध्याकाळी दोनशे पानी वही आणून दिलीत. "लिहायचं ते ह्यात लिही." आत्या अजून सांगते सगळ्यांना, भावानं वही आणून दिली म्हणून पोरगी लेखिका झाली. मी तिला कधी बोलले नाही, तुम्हाला बोलते: हे श्रेय तुम्हाला मिळणार नाही. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत मी काहीही साठवताना तीन-तीनदा साठवायचे आणि फाईल उघडून बघायचे. मैत्रिणी चेष्टा करायच्या.

तिसऱ्या रविवारी मी ब्राउझर बसवलाच नाही. स्क्रीनवर फक्त एक रिकामा कप्पा, म्हणजे फोल्डर, तयार केला, त्याला तुमच्यासाठी एक शिवी नाव म्हणून दिली, आणि मशीन बंद करून चालू केलं. कप्पा नव्हता. मग घड्याळाजवळ एक बारकं चिन्ह दिसलं, तसलं मी कॉलेजच्या लॅबमध्ये बघितलं होतं. सगळं गोठवून ठेवायचं सॉफ्टवेअर असतं ते. पोरांनी दिवसभर काहीही करू दे, मशीन बंद करून चालू केलं की ते पहिल्यासारखं होतं, मधला दिवस झालाच नाही असं. शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये लावलं असतंत, ते ठीक होतं. तिथं साठ पोरं. घरात कोण होतं? आई होती आणि मी होते.

म्हणजे माझी गोष्ट मी नीट साठवली होती. म्हणजे त्या दिवशी मी रडत असताना तुम्हाला माहीत होतं ती कुठं गेली. सगळ्या घरात एकट्या तुम्हाला माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं, "तुझं काही चुकलं नाही." त्याऐवजी तुम्ही तिसगावच्या भर बाजारात जाऊन वही घेऊन आलात. मी यावर बराच विचार केला आणि मला तुमच्या बाजूनं बोलता येईल असं काही सापडलं नाही. लोक म्हणतात गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. गेलेला माणूस जर रोज सकाळी माझ्या आईचा धडा पुसत असेल, तर तो गेला कुठं?

मी आईला बोलावलं, शेजारी बसवलं आणि सांगितलं. सगळं, माझ्या गोष्टीसकट. तिनं ऐकून घेतलं. मग पुढं वाकून त्या बारक्या चिन्हाकडे बघितलं.

"म्हंजी मी काय दाबलं नव्हतं?"

"काहीच नाही."

"पयल्या दिवशी बी न्हाई?"

"नाही गं आई."

"बग," ती म्हणाली. पदरानं कीबोर्ड पुसायला लागली. चालू होता तो, तरी.

त्या सॉफ्टवेअरचं कुलूप काढायला पासवर्ड लागत होता, तो टाकूनच तुम्ही तुमचं साठवत असणार. आम्ही शाळेचं नाव टाकलं. तुमच्या गाडीचा नंबर टाकला. कुलदैवत टाकलं, आजोबांचं नाव टाकलं, शाळेतल्या तुमच्या लाडक्या साहेबांचं टाकलं. मी म्हणाले, तुझं टाकून बघू? आई म्हणाली, "कशाला वेळ घालवती. त्यांनी आपल्या दोघींतल्या कुनाचं ठिवलं नसंल." रागानं नाही म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. तरी मी टाकलं. नव्हतंच.

मग एकच रस्ता उरला. पूर्ण डिस्क पुसायची आणि जुन्या मशीनवर चालेल अशी हलकी सिस्टीम नव्यानं टाकायची. ती मी वर्कशॉपमधून पेनड्राइव्हवर घेऊनच आले होते, मला संशय होताच. पण पुसायचं म्हणजे तुमचं सगळं जाणार. मी म्हणाले, हवं ते काढून घेऊ आधी, काढता येतं. आई म्हणाली, दाखव काय हाय. गॅदरिंगचे फोटो, मुख्याध्यापकांसाठी लिहिलेली भाषणं, भजनं, कुणाकुणाच्या बदलीचे अर्ज. तिनं विचारलं, "माजा हाय का एखांदा?" शोधला. दसऱ्याच्या पूजेचा निघाला. मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळदकुंकू, शेजारी तुम्ही, आणि कडेनं ताट धरलेला एक हात आत आलाय. आईनं मान पुढं केली. "माजाच हाय. बांगड्या ह्याच." आपला हात फोटोशेजारी धरून बघितला. मग सरळ बसली.

"न्हाई काढायचं काय. कुठलं बटण?"

"एंटर. एकदा दाबलं की परत काहीच येणार नाही, आई. विचार कर."

"क्लासमंदी सांगितलंय एंटर कसं दाबायचं," ती म्हणाली, आणि बाकीची बोटं जागेवर ठेवून, उजव्या करंगळीनं, अगदी शिकवल्यासारखं दाबलं.

नवी सिस्टीम बसायला दुपार गेली. ब्राउझर एका दमात बसला. आईनं धडा केला, हिरवी खूण आली, आणि मग तिनं काय केलं माहितीये? उठली आणि भिंतीवरचं बटणच बंद केलं. सरळ. शटडाऊन नाही, काही नाही. तुम्ही असतात तर गल्ली गोळा केली असती. परत चालू केलं. खूण होती. परत बंद केलं, परत चालू केलं. "ऱ्हातंय की गं!" तिच्या तोंडावरचा आनंद मला नीट बघवेना, एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा.

आता रोज शाळेतून आली की बसते. शब्द चुकतात, जोडाक्षरांना शिव्या घालते, परवा मला फोनवर म्हणाली, "ह्यो 'क्ष' कुनी काडला त्याला भेटायचंय मला." तीसला अजून पोहोचली नाही. परीक्षा दिवाळीनंतर आहे, आणि ती पास होईलच असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तुम्हाला ते सांगायचं कारणच नाही. नापास झाली तर तिच्या बोटांनी होईल.

हे लिहून झालं की कुठं ठेवायचं ते ठरवलेलं नाही. पाठवायला पत्ता नाही आणि आईला वाचायला देणार नाही, कारण यात एक गोष्ट आहे जी मी तिलाही सांगितली नाही. पासवर्ड शोधायला आम्ही दोघी बसलो ते शाळेच्या नावापासून सुरुवात करून, असं तिला वाटतं. तसं नाहीये. तिला हाक मारायच्या आधी, ती मागं धुणं वाळत घालत असताना, मी एकटीनं माझं नाव टाकून बघितलं होतं. सगळं बारक्या अक्षरांत. मग पहिलं अक्षर मोठं करून. मग तुम्ही मला लहानपणी ज्या नावानं हाक मारायचात ते.