एकच खुंट

विलो कूली, सस्कॅचवान
४ डिसेंबर १९७८

ती. फिलोमेन आत्यास,
ओडीलचा सा. न. वि. वि.

खुशालीच्या आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की टेकाडामागच्या मेंढवाटेवर बाबांच्या सापळ्याची जागा उकरलेली दिसली, वाळूतला खुंट उपटून आला होता, आणि तोच सापळा पायात घेऊन हाउगेनची कुत्री बेला घरापर्यंत खुरडत गेली. कुत्रीचं खरं आहे. उकरलेली जागा मात्र मी पाहिलीच नव्हती. ती नॉर्बेर काकांनी पाहिल्याचं सांगितलं, आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहून मोकळी झाले. तेव्हापासून ते वाक्य मला खुपत होतं.

म्हणून काल हाउगेनकडे गेले. बेलाचा पाय कापावा लागला. हाउगेन ओरडला असता तर बरं झालं असतं. बाबांबद्दल तो एवढंच म्हणाला की आल्सीद इतकी वर्षं माझ्या जमिनीवर कोयोट धरायचा, मी कधी तपासायला गेलो नाही, आता वय झालं त्याचं. सापळा त्याच्या गोठ्यात खिळ्याला टांगलाय. त्यावरचा मालकाच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला बाबांचाच आहे. पण साखळीच्या टोकाला खुंट एकच, आणि तोही आखूड!

आत्या, तुला काय सांगायचं. वाळूत बाबा एक खुंट कधी ठोकत नाहीत. दोन खुंट, एकाच कडीतून, फुलीसारखे तिरपे. कोयोटनं कसाही हिसका दिला तरी एक सैल होताना दुसरा आणखी रुततो. शिवाय हा खुंट गवत ओढायच्या दाताळ्याचा जुना दात वाकवून केलेला आहे. असे खुंट खोऱ्यात कोण करतं, ते तूच सांग.

सप्टेंबरात बाबांनी नॉर्बेर काकांना काही सापळे उसने दिले होते. उसन्या सापळ्यावर घेणाऱ्यानं आपला बिल्ला तारेनं बांधायचा असतो. तो त्यांनी बांधला नसावा. मी चुकत तर नाही ना? खुंटाचं चित्र काढून सोबत पाठवलंय, नीट बघ.

बाबांना अजून बोलले नाही. हाउगेननं आपली जमीन त्यांच्या सापळ्यांना बंद करून काकांना खुली केल्यापासून बाबा घराबाहेर पडत नाहीत, चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेलाही येत नाहीत. स्वतःच्या हातांकडे बघत बसतात. परवा भिंतीत खिळा मारायचा होता तर हातोडी माझ्याकडे दिली, म्हणाले की माझ्या हातचं आता काही टिकत नाही.

माझ्या चुकीसकट माझ्यावर माया ठेव.
तुझी ओडील


रेजायना
९ डिसेंबर १९७८

चि. ओडील हिस,
आत्याचे पोटभर आ. वि. वि.

हे पत्र नेहमीसारखं शेजारच्या मिसेस कोवालचुक लिहून देताहेत. नॉर्बेरबद्दल मी पहिल्यांदा जे बोलले ते लिहायला बाईंनी साफ नकार दिला. दुसऱ्यांदा बोलले तेव्हा पेन खाली ठेवलं. तेव्हा ते तू मनानंच समजून घे.

चित्र पाहिलं. तो दाताळ्याचाच दात आहे. नॉर्बेर्याचा बाप, आमचा काका, तसेच खुंट करायचा आणि तसेच गमवायचा. बापाला निदान लाज होती. कोयोट सापळा घेऊन गेला तर म्हातारा बर्फातून दिवसभर माग काढत जायचा, जनावर संपवून आपला सापळा आणायचा. याचं काय? पिकअपमधून खाली उतरायला जड जातं याला. उतरला, एक खुंट ठोकला, चालला!

आणि माझा भाऊ हातांकडे बघत बसलाय? त्या हातांनी आमच्या आईच्या कोटाला लावायला कोल्ह्याचं कातडं कमावलं होतं, पंधराव्या वर्षी. ते सांग त्याला.

पण पोरी, तू घरातली पहिली शिकलेली, तेव्हा रीतीनं कर. आधी नॉर्बेरला समोरासमोर विचार. त्यानं पाठीमागे केलं, आपण तोंडावर करू. कबूल झाला आणि हाउगेनकडे स्वतःच्या पायांनी गेला तर तिथंच सोडून दे. नाही गेला तर मला कळव.

जेवत जा. मागच्या वेळी गालाची हाडं दिसत होती. बाईंनाही तू आवडतेस, त्यांनी वेगळा आशीर्वाद घातलाय.
तुझी आत्या


विलो कूली
१५ डिसेंबर १९७८

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

विचारलं. जे ऐकलं तेच लिहिते, माझ्या पदरचा एक शब्द नाही.

काका शेडमध्ये कोयोटचं कातडं फळीवर ताणत होते. मी खुंटाचा विषय काढल्यावर आधी हसले, म्हणाले की कॉलेजात आता सापळे शिकवतात काय. मी तिथेच उभी राहिले. मग म्हणाले की शेवटी एक कुत्रीच ना, माणूस तर नाही मेलं. मग चाकू पुसत म्हणाले की हो, बिल्ला बांधायचा राहिला असेल, पण आल्सीद अजून किती हिवाळे चालणार होता, जमीन परक्याकडे जाण्यापेक्षा घरात राहिली, उलट माझे आभार माना.

आत्या, म्हणजे त्यांना माहीत होतं. कुत्री घरी पोचली त्याच दिवशी माहीत होतं. तरी मासनंतर चर्चच्या हॉलमध्ये चहाचा कप हातात घेऊन सगळ्यांसमोर त्यांनी बाबांच्या उकरलेल्या जागेची गोष्ट सांगितली आणि वर म्हणाले की बिचाऱ्याचा हात कापतो हल्ली.

मी म्हटलं, हाउगेनला सांगा. त्यावर म्हणाले की तूच सांग, बघू कोण ऐकतं, उकरलेली जागा तू स्वतः पाहिलीस असं तुझंच पत्र फिलोमेननं तिकडे सगळ्या गोतावळ्यासमोर वाचून घेतलंय. आणि मी दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाले की यंदा नव्या वर्षाचं जेवण माझ्याकडे, आशीर्वादही मीच देईन, आल्सीदला कशाला दगदग.

बाबा आपल्या घराण्यात थोरले. नव्या वर्षाच्या सकाळी त्यांच्यापुढे सगळे गुडघे टेकतात, काकासुद्धा. आता तेही हवंय त्यांना.

त्या क्षणी वाटलं की तो सापळा पुन्हा ताणावा आणि काकांचा चाकू धरणारा हात त्यात घालावा. हे वाटलं म्हणून लिहिते, करणार नाही. पण त्यांना सोडणारही नाही. जमीन जायला हवी आणि ती जाताना सगळ्यांनी बघायला हवी. गुपचूप हाउगेनला सांगून मिटवणं मला नको.

माझी दुरुस्ती तिकडे सगळ्यांसमोर वाचून घे. ज्यांनी चूक ऐकली त्या प्रत्येकासमोर.

रागावलेलीच, पण तुझीच
ओडील


रेजायना
१९ डिसेंबर १९७८

चि. ओडील हिस,
अ. उ. आ.

रविवारी सगळ्यांना बोलावून दुरुस्ती वाचून घेतली. दोनदा. दुसऱ्यांदा बाईंनी न सांगता आवाज चढवला. तुझा चुलतभाऊ गास्पार म्हणाला की नॉर्बेरकडच्या जेवणाला आम्ही येणार नाही. मी म्हटलं, मूर्खा, येणार, सगळे येणार, बघायला माणसं नकोत का!

माझं ऐक. त्याच्याच टेबलावर कर. बुलेतचं, खिम्याच्या गोळ्यांच्या रश्श्याचं पातेलं वाफाळत मध्ये असू दे, तो आशीर्वादाला हात उचलू दे आणि मग उभी राहा. घास घशात अडकला पाहिजे त्याच्या. मी समोरच बसेन, चांगला चष्मा घालून.

आल्सीदला मात्र आधी सांग. तिथं त्याला धक्का नको. आणि दिवस नक्की कळव, गास्पारला गाडी तयार ठेवायची आहे.

मनातून उतरू देऊ नकोस म्हातारीला.
तुझी आत्या


विलो कूली
२३ डिसेंबर १९७८

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं की साखळीला खुंट एकच होता, हे तू हात लावून पाहिलंस का. मी हो म्हटलं. उठले, तोंड धुतलं आणि कितीतरी दिवसांनी बॅनक रोटीचा दुसरा तुकडा मागून घेतला. आत्या, तेव्हा मी आत जाऊन रडले.

पण नंतर ते म्हणाले की नव्या वर्षापर्यंत थांब, तेव्हा मी त्याला विचारेन, तो गुडघे टेकेल, मी हात ठेवेन, मिटेल. त्यांच्या बोलण्यावर मी फार विचार केला, आणि तुझ्या बेतातली अडचण माझ्या लक्षात आली. नव्या वर्षाच्या दिवशी कोणीही हात पुढे केला तर धरायचा, माफी मागितली तर द्यायची, ही आपली रीत. काका हुशार आहेत. मी उभी राहिले की ते लगेच रडतील, गुडघे टेकतील, आणि सगळे त्यांना मिठ्या मारतील. बाबांची बदनामी महिनाभर चालली आणि त्यांची माफी बुलेत गार व्हायच्या आत होईल. वर जमीनही राहील, कारण माफ केलेल्या माणसाची जमीन काढायला हाउगेनला कोण सांगणार?

रीत मी मोडणार नाही. त्या दिवशी त्यांनी माफी मागितली तर देईन, खोटं बोलणार नाही. म्हणून त्याआधीच बोलणार. ज्या हॉलमध्ये त्यांनी सांगितलं तिथेच, मासनंतर, सगळ्यांच्या हातात चहा असताना. हाउगेन आपल्या चर्चचा नाही, पण येतो म्हणालाय, गोठ्यातला सापळा घेऊन. बाबा म्हणाले की हे बरोबर नाही. तरी कोट काढून घासून ठेवलाय.

मग काकांना एक अख्खी रात्र जाऊ दे. कोणी हात देणार नाही, कोणी दार उघडणार नाही, अशी एक रात्र. सकाळी बाबांकडे यायचं तर येऊ दे.

जेवणाला नको, आदल्या दिवशी या. माझ्यावरची माया यानंतरही टिकली तर मला तेवढं पुरे.
तुझी ओडील

ता. क. गास्पारला सांग: रविवार, ३१ डिसेंबर.