बावखलाचे दोन प्लॅन

५ मे २०२५, सोमवार
फादर म्हणाले, चर्चमागचं बावखल, म्हणजे आमचं गावतळं, उपसून काठ नीट करायचा. आर्किटेक्चर आणि अर्बन प्लॅनिंगचं मास्टर्स करणारे गावात दोघंच, मी आणि टिफनी. दोघांनी प्लॅन द्यायचे. २५ तारखेला रविवारच्या मिस्सानंतर गाव हात वर करून एक निवडणार. निवडलेला खरोखर बांधणार. म्हणजे माझा. थिसिसचं कव्हर आजच डिझाइन केलं.

८ मे
टिफनी सकाळी सहाला टेप घेऊन बावखलावर. शो-ऑफ! मी उद्या पाचला जाणार.

९ मे, सकाळी ११.२०
उठलो. ऊन फार. गूगल मॅपवर सर्व्हे उरकला. तळं स्पष्ट दिसतं.

१३ मे
ॲम्फीथिएटर, कारंजं, सेल्फी पॉइंट. वालीवच्या वर्कशॉपमध्ये जाऊन मॉडेल लेझरने कापून आणलं. आमच्या नंदाखाल गावाचा चेहरामोहरा बदलणार. टिफनीचं काय? पायऱ्या, धुण्याचा दगड, म्हाताऱ्यांना धरायला कठडा. याला डिझाइन म्हणतात? बावखलाशेजारच्या इझाबेल आंटीच्या ओट्यावर तासभर गप्पा हाणते आणि त्याला स्टेकहोल्डर मीटिंग म्हणते. आंटीने तिला केळ्यांचा अख्खा फणा दिला. मला आजवर एक केळं नाही. जळत नाहीये, फक्त नोंद करतोय.

१९ मे
बरं, जळतोय. पण फील्डिंग चोख लावली. आळीत घरोघर फिरलो. आई, दोन्ही मावश्या, स्टॅनी अंकल, सगळे म्हणाले, तू आपला पोरगा, तुझ्यासाठीच हात वर. बहुमत खिशात.

२४ मे
हरल्यावर टिफनी रडली तर वाईट दिसेल. उद्या मी मोठ्या मनाने तिच्यासाठी हात वर करणार. एका मताने काय बिघडतंय? गाव म्हणेल, डेरिक किती दिलदार!

२५ मे, रविवार
फादरनी टिफनीचं नाव आधी घेतलं. मी पहिल्याच रांगेत. हात सर्वांत आधी, सर्वांत उंच. मागे वळून बघतो तर आईचा हात वर. मावश्यांचे वर. स्टॅनी अंकलचे तर दोन्ही. अख्खी आळी!

घरी आल्यावर आईला विचारलं, हे काय केलंस? तर म्हणाली, अरे, तूच पहिला हात वर केलास, आम्हाला वाटलं तुमचं आपसात ठरलं.

माझ्या प्लॅनला एकच हात. टिफनीचा. चर्चमधून निघताना म्हणाली, तुझं ॲम्फीथिएटर मला खूप आवडलं होतं रे.

खरंच आवडलं होतं तिला. तेच सहन होत नाहीये.