गिऱ्हाइकं पळवणारी बाई

चिरंजीवास,

तुझ्या एजंटने तुझ्याकडे माझी चुगली केली, म्हणून लिहायला बसले. मी गिऱ्हाइकं पळवते म्हणे. पळवतेच! मी राहते तो वन बीएचके तू मला न विचारता विकायला काढलास. म्हणून येईल त्याला मी कपाट सरकवून बेडरूमची ओली भिंत दाखवते. जाहिरातीतलं ‘पाच मिनिटांवर स्टेशन’ धावणाऱ्यासाठी आहे, हेही सांगते.

आज एक नर्स आली. तिलाही सगळं ऐकवलं. ती हसायलाच लागली.

“काकू, इतकी घरं पाहिली, एकातही म्हणे काही खोट नव्हती. तुम्ही तरी खरं बोलता. मी हेच घेणार.”

“अगं, वरच्यांचं बाथरूम गळतं!”

“गळू दे. माझा भाऊ प्लंबर आहे.”

म्हणजे आता मी तुमच्याकडे यायचं आणि चहासुद्धा सूनबाईला विचारून करायचा. हे पत्र काही मी टाकणार नाही. “आई, तूच विकलंस की घर!” म्हणून तू हसशील, आणि ते मला सोसायचं नाही.

तुझी आई

ता. क. भावाला भिंत दाखवायला म्हणून नर्सला जादाची चावी दिली. माझी अजून माझ्याकडेच आहे.